झोळीचं दुसरं टोक

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चौथ्या दुकानात लालासाबनं खिशातून एक घुंगरू काढलं, कानाजवळ नेऊन हलवलं आणि काउंटरवर ठेवलं.

"हे चमकवायचं हाय. पर ह्याचा आवाज बिघडता कामा न्हाय. अशी मशीन हाय का तुमच्याकडं?"

काउंटरमागे उन्मेष नावाचा तरुण मालक होता. शिकलेला, मऊ बोलणारा. त्यानं घुंगरू दोन बोटांत धरून फिरवलं आणि भुवया वर नेल्या. आधीच्या तीन दुकानांत अशाच भुवया वर गेल्या होत्या. माझी उभी हयात लोकनाट्यात सोंगाड्या म्हणून गेली. समोरचा माणूस आता हसणार की उठून जाणार, हे मला त्याच्या भुवया सांगतात. हा पोरगा निदान उठून जाणार नव्हता.

"काका, एका वेळी किती जॉब करायचेत?" त्यानं विचारलं. जॉब म्हणजे पॉलिश करायचे नग, एवढं आम्ही पहिल्या दुकानात शिकलो होतो.

"बाराशे हायत. पर आधी आवाजाचं बोला."

मी मनात म्हटलं, झालं, आता हा आवाजावर आला. दुपारचं जेवण गेलं.

लालासाब माझा चव्वेचाळीस वर्षांचा दोस्त. नाचणाऱ्या बायकांच्या पायांतले चाळ तो करतो. त्याचे वडील टांग्याच्या घोड्यांसाठी घुंगुरमाळा करायचे. टांगे गेले, घोडे गेले, आणि बावीस वर्षांचा लालासाब आमच्या पार्टीच्या तंबूत आला. तेव्हा आमच्या मुख्य नाचणारणीच्या उजव्या चाळात काहीतरी खरखरत होतं आणि कुणाला ते सापडत नव्हतं. लालासाब पडद्यामागे जमिनीवर बसला, डोळे मिटले. तिनं चार पावलं टाकली. "वरनं दुसरी ओळ, टाचेकडनं सातवं," तो म्हणाला. सोडून बघितलं तर सातव्या घुंगराला केसाएवढी चीर. मालकानं त्याला तिथंच ठेवून घेतलं. चार हंगाम तो आमच्याबरोबर गावोगाव फिरला. मी विंगेत उभा असलो की तो शेजारी उकिडवा बसायचा, आणि बाईच्या नाचाकडे पाठ करून नुसता ऐकायचा. अख्ख्या तंबूत तिच्याकडे पाठ करून बसणारा तो एकटा.

पुढे नेसरीच्या खैरुनबीशी त्याचं लग्न झालं आणि त्यानं शनिवार पेठेत घरीच काम मांडलं. ओतीव पितळी घुंगरं बाहेरून येतात, काळपट, फटीच्या कडा धारदार. तसंच ओवून बांधलं तर नाचणारीचा घोटा सोलून निघेल. म्हणून कडा मोडाव्या लागतात, चमक आणावी लागते. त्यासाठी लालासाबकडे झोळी होती. मांजरपाटाची, सहा फूट लांब, पायजम्याच्या एका पायासारखी. तिच्यात तीनशे घुंगरं, भाताचं तूस आणि दोन पळ्या रिठ्याचं पाणी घालायचं. एका टोकाला लालासाब, दुसऱ्या टोकाला खैरुनभाभी, समोरासमोर मांडी घालून. ह्यानं ओढायचं, तिनं सैल सोडायचं. मग तिनं ओढायचं, ह्यानं सोडायचं. चाळीस मिनिटांत तीनशे घुंगरं नव्या नवरीसारखी होऊन बाहेर पडायची. लग्नाच्या आठव्या दिवशी भाभींनी ते टोक हातात घेतलं, ते अडतीस वर्षं सोडलं नव्हतं.

आता खांद्यानं सोडलं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर या हातानं ओढायचं नाही, उचलायचं नाही आणि रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन व्यायाम करायचा. "नाहीतर चाची, हा हात वेणीपर्यंतसुद्धा पोचणार नाही. कायमचा."

नेमकं त्याच आठवड्यात गडमुडशिंगीची अवनी आली. तिचा नाचाचा क्लास आहे. बारा मुलींचा कार्यक्रम ठरला होता. बारा जोड चाळ, एका जोडात शंभर घुंगरं, पंधरा दिवसांत. लालासाबनं "देतो" म्हणून सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत त्यानं "देतो" म्हटलेलं कधी चुकलं नव्हतं.

"दवाखाना ऑर्डर झाल्यावर बघू," भाभी म्हणाल्या.

"न्हाय. मशीन आनतो."

"आना. मशीन येस्तोवर झोळी हाय."

कुणी म्हणेल, दुसऱ्या कुणाला बसवायचं होतं झोळीवर. बसवलं की! दोन पोरं एकेक दिवस येऊन पळाली. मी स्वतः बसलो. सोंगाड्याला ताल कळतो असा माझा समज होता. पाचव्या हिसड्याला सगळी घुंगरं माझ्या मांडीवर येऊन पडली आणि झोळी फरशीवर आपटून अकरा घुंगरांना पोचे आले. भिंतीपलीकडची शेजारीण बनाबाई दारातून बघत होती. "तात्या, तुमी विनोदच करा," म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोघं म्हातारे मशीन शोधत होतो.

आणि शोधणं म्हणजे काय सांगू! नाटकाला नायिका मिळवणं सोपं. पहिल्या दुकानदारानं घुंगरू हातातसुद्धा घेतलं नाही, किमतींचा कागद पुढे केला. दुसऱ्यानं मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवला, त्यात एक गोरा गृहस्थ बंदुकीच्या गोळ्यांची टरफलं धूत होता. तिसऱ्यानं सांगितलं, हुपरीला जा. हुपरीला चांदीच्या पैंजणांची पॉलिश मशीन बघितली, तिच्यात सुईएवढे पोलादी तुकडे भोवऱ्यासारखे फिरत होते. लालासाबनं बाहेरूनच मान हलवली. "हे तुकडं घुंगराच्या फटीत शिरनार आनि मग काय केल्या निघनार न्हाईत."

तर असे आम्ही उन्मेषच्या दुकानात उभे.

"दोन प्रकार आहेत," उन्मेष म्हणाला. "हा व्हायब्रेटर." स्प्रिंगांवर बसवलेलं घमेलं होतं ते. "आणि तो ड्रम. आडवा, रुळांवर गोल फिरतो. व्हायब्रेटर झटपट काम करतो, चालू असताना झाकण काढून बघता येतं. ड्रम सावकाश. बंद असतो, आत काय चाललंय दिसत नाही."

"करून दावा," लालासाब म्हणाला आणि दहा घुंगरं मोजून दिली.

उन्मेषनं घमेल्यात पोलादी गोळ्या ओतल्या, साबणाचं पाणी ओतलं, बटण दाबलं. काय तो थरथराट! काउंटरवरचा माझा चहाचा ग्लास चालत चालत कडेला आला, मी झेलला म्हणून वाचला. शेजारच्या बनाबाईची भांड्यांची फळी लालासाबच्या भिंतीला लागून आहे, हे मला तेव्हाच आठवलं. पण अर्ध्या तासानं घुंगरं बाहेर काढली आणि लालासाबचं तोंड उजळलं. सोन्यासारखी. त्यानं एक उचललं, कानापाशी हलवलं. दुसरं हलवलं. तिसरं.

"ह्याच्या पोटात दोन जीव झाले की!"

खरंच होतं ते. घुंगराच्या आत मुळात एकच लोखंडी खडा असतो, तो वाजतो. फटीच्या टोकाला बारीक गोल भोक असतं, त्यातून पोलादी गोळी आत गेली होती आणि दोघं एकमेकांना आपटून नुसतं खडखडत होते.

"मोठ्या गोळ्या घेऊ," उन्मेष म्हणाला.

"मोठी गोळी फटीच्या कडंला लागंल का? धार तिथंच असती."

"सिरॅमिकचे त्रिकोण असतात."

"ते तरी पोचतील?"

"तेही नाही पोचायचे," पोरगा प्रामाणिक होता. "मग अक्रोडाच्या टरफलाचा चुरा वापरा. मऊ असतो."

लालासाबला हा अपमान वाटला. "अक्रोड? पावणं, चंदगडचं भाताचं तूस हाय माझ्याकडं. एष्टीनं पोतं येतंय. अडतीस वर्सं वापरतोय, एक कण घुंगरात अडकला न्हाय. असलं साफ तूस दुनियेत मिळनार न्हाय."

"तुसावर करता? मग ड्रमच घ्या. आवाज कमी, आतून रबर आहे, घुंगरू आपटणार नाही. घरी ठेवायला हा पाच किलोचा बरा."

"पाच किलो घुंगरं?"

"नाही काका. घुंगरं, तूस, सगळं मिळून पाच किलो. तेही निम्म्याच्या वर भरायचं नाही, नाहीतर माल आत लोळत नाही. घुंगरं धरा दीड किलो. दीडशे नग."

"मग दीड किलोचा म्हना की! पाच कशाला म्हनतासा?" लालासाब माझ्याकडे वळला. "तात्या, सगळी दुनिया अशीच झालीया बघा."

तरीही तो ड्रम घेतला. दुसरं करणार काय? पंधरांतले आठ दिवस दुकानं फिरण्यात गेले होते आणि इकडे भाभी रोज सकाळी झोळीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून डाव्या हातानं ओढून बघत होत्या. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. घुंगरं चमकत नव्हती आणि आता डावा खांदाही ठणकायला लागला होता.

मग मी आणि लालासाबनं एक डाव रचला. नेसरीला भाभींच्या भावाकडे पाहुणे येणार होते. त्यांना दोन दिवस तिकडे पाठवायचं, तेवढाच हाताला आराम. आणि त्या परत येईपर्यंत तीनशे घुंगरं चमकवून ओळीनं मांडून ठेवायची. म्हणजे भाभी, बघा, तुमची सुटका झाली! माझ्या डोक्यात तर पडदा वर जातानाचा प्रसंगच उभा राहिला होता. नवव्या दिवशी सकाळी त्यांना एष्टीत बसवलं आणि आम्ही ड्रम सोप्यात मांडला.

लालासाबनं चंदगडच्या पोत्याची शिवण उसवली आणि तांब्यानं तूस ड्रममध्ये ओतलं.

"दीडशेच घाल," मी म्हटलं. "त्या पोरानं सांगितलंय."

"झोळीत तीनशे बसत्यात. हिला काय धाड भरलीया?"

तीनशे घातली. गळ्यापर्यंत आली. दोन पळ्या रिठ्याचं पाणी, झोळीला घालतो तेवढंच. झाकण आवळलं, बटण दाबलं. आधी मोठी खळखळ झाली, मग गुडगुड. आम्ही दोघं समोर बसून राहिलो, पहिल्या प्रयोगाला निर्माते बसतात तसे. तासाभरानं आवाज अगदी मऊ झाला. धप्, धप्.

"बघा, कसं नरम चाललंय," लालासाब म्हणाला.

"फारच नरम चाललंय," मी म्हटलं.

"तुमाला सगळ्यात खोटच दिसती तात्या."

दुसऱ्या तासाला रबर जळाल्याचा वास आला आणि फट्‌दिशी मोटारीचा पट्टा तुटला. झाकण काढलं. आत एकच्या एक गोळा होता. रात्रीचं पिठलं सकाळी पातेल्यात घट्ट बसावं तसा. लालासाबनं हात घालून एक घुंगरू उपटलं, पुसलं, हलवलं. काही नाही. दुसरं. काही नाही. फटीफटीतून लगदा आत जाऊन बसला होता. तीनशेच्या तीनशे घुंगरं मुकी.

मी रंगमंचावर पुष्कळ फजित्या पाहिल्या आहेत. एकदा भर प्रयोगात राजाची मिशी प्रधानाच्या खांद्याला चिकटली होती. पण लालासाबचं त्या दिवशीचं तोंड मला बघवलं नाही. एका हातात मुकं घुंगरू धरून तो ते परत परत कानाशी नेत होता.

मग त्याला राग आला. त्यानं उन्मेषला फोन लावला. "तुमची मशीन खोटी हाय!"

पलीकडून शांतपणे प्रश्न आला, तो मलाही ऐकू आला. "काका, गळ्यापर्यंत भरलंत का?"

"न्हाय भरलं!" लालासाब ओरडला आणि माझी नजर चुकवली. पट्टा दोन दिवसांनी मिळेल, बाहेरून मागवावा लागतो, असं उन्मेष म्हणाला. लालासाबनं फोन ठेवून त्या ड्रमला, त्याच्या मोटारीला, उद्यमनगराला आणि अक्रोडाच्या टरफलाला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. बनाबाईनं भिंतीवर वाटी आपटून दाद दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभी नेसरीहून आल्या. घरात ते दोघं दखनी बोलतात. मी बसलेला असलो की मराठीवर येतात. त्या दिवशी उंबऱ्यातूनच मराठी सुरू झाली, म्हणजे मीही आरोपी होतो.

"ह्ये काय करून ठेवलं?"

भाभींनी डाव्या हातानं लगद्याची चिमूट घेतली, बोटांत चोळली, वास घेतला. मग पोत्याकडे बघितलं.

"पोत्यातनं तसंच घातलं?"

"मग कसं घालायचं असतंय?"

"पाखडलं न्हाय?"

"तूस?" लालासाबचे डोळे मोठे झाले. "तूस कोन पाखडतंय?"

"मी," भाभी म्हणाल्या. "अडतीस वर्सं."

लालासाबनं पोत्यात हात घातला आणि मूठभर तूस उजेडात धरलं.

"पोत्यात निम्मा बारीक कोंडा असतो," भाभी सांगत होत्या, आणि आवाज चढत होता. "त्याला पानी लागलं की त्याचं पीठच होतंय. ते पाखडून, दोनदा पाखडून, नुसतं जाड तूस मी डब्यात भरती. त्या डब्यातनं तुमी घेता. आनि पानी! झोळी कापडाची हाय, पानी उडून जातंय. ह्या रबरी डबड्यात कुठनं उडनार?"

"मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा विचारलं? हुपरीला जाऊन विचारलं, चार दुकानांत विचारलं, तात्यांना विचारलं. तात्यांना!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पायांची बोटं मोजायला लागलो. "झोळीचं दुसरं टोक कुनाच्या हातात हुतं अडतीस वर्सं? तिला एकदा विचारावंसं वाटलं न्हाय?"

दुनियेतलं सगळ्यात साफ तूस म्हणून त्यानं ज्याचं कौतुक केलं, ते चंदगडहून साफ होऊन येतच नव्हतं. मागच्या परसात, तो माल आणायला गेला की, ही बाई ते साफ करत होती.

पुढचे तीन दिवस मला आठवले तरी मान दुखते. दाभण घेऊन एकेका घुंगराच्या फटीतून लगदा उकरायचा, गरम पाण्यात बुडवायचं, हलवायचं, पुन्हा उकरायचं. लालासाबचं बोट तीनदा फुटलं. माझ्या चष्म्यातून फट दिसेना, मी फट समजून एका घुंगराचं भोकच मोठं केलं. बनाबाई मदतीला आली आणि हातापेक्षा तोंडच जास्त चालवलं. "लालाभाई, नाकात कोंडा गेल्यासारखी गप हायत की ओ ही पोरं." भाभी डाव्या हातानं उकरत होत्या. उजवा हात आपोआप पुढे येई, मग लालासाब खेकसे, "हात खाली!" आणि त्या म्हणत, "तुमी आधी डोस्कं ताळ्यावर आना."

तूस पाखडायचं होतंच. ते भाभींच्या खांद्याला जमणार नव्हतं, तेव्हा लालासाब सूप घेऊन परसात उभा राहिला. वारा कुठून येतो हे त्यानं बघितलं नाही. पहिल्या झटक्याला सगळा कोंडा त्याच्या दाढीत आणि सगळं तूस बनाबाईच्या वाळत घातलेल्या पापडांवर. दुसऱ्या झटक्याला सूपच हातातून गेलं.

"मनगट हलवा, आंग न्हवं," भाभी पायरीवरून सांगत होत्या. "वाऱ्याकडं तोंड करू नगा. अवो, ते काय लेझीम हाय काय?"

"सोपं असतं तर तू मला आधीच शिकवलं असतंस," तो चिडून म्हणाला. त्यात काय तर्क होता कोण जाणे. पण दिवस मावळेपर्यंत त्यानं एक डबा जाड तूस काढलं. एका डब्याला एक अख्खा दिवस. भाभी ते घरकाम सांभाळून चहाच्या वेळेत करायच्या. हे त्याच्या ध्यानात आलेलं मी बघितलं. त्यानं डब्याचं झाकण उगाच दोन-तीनदा लावलं आणि काढलं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पट्टा आला. तेराव्या दिवशी सकाळी भाभींनी सांगितलं तसं केलं. घुंगरं आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन गच्चीवर कोरडी केली. ड्रममध्ये पाखडलेलं तूस, कोरडं. घुंगरं दीडशेच. रबरी झाकण बाजूला ठेवलं आणि तोंडाला मांजरपाटाचा तुकडा दोरीनं करकचून बांधला, वाफ बाहेर जायला. बटण दाबलं. खळखळ सुरू झाली आणि खळखळच राहिली. सहा तासांनी कापड सोडलं.

लालासाबनं एक घुंगरू हलवलं. वाजलं. स्वच्छ वाजलं.

"चमक एक आना कमी हाय," तो म्हणाला.

"तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय," भाभी म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. पण हिशेब कुठे सुटतो? एका वेळी दीडशे, सहा तास, दिवसातून दोनदा. रात्री बनाबाई चालवू देईना, आणि ड्रम सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळवला तरी दिवसाला तीन जोड. पंधराव्या दिवसापर्यंत नऊ. अवनीला हवे होते बारा.

पंधराव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा लालासाब चाळ पट्ट्यांवर ओवत होता, ड्रम कोपऱ्यात खळखळत होता आणि भाभी खुंटीवरून झोळी काढत होत्या.

"ड्रमचं सोडून तीनशेच राहिल्यात," त्या म्हणाल्या. "चाळीस मिंटाचं काम. बसा समोर."

"न्हाय."

"न्हाय म्हंजे? तुमी जबान दिलीया तिला. उद्या कोल्हापुरात तोंड दाखवाल? एक दिवसानं हात काय तुटून पडत न्हाय."

तिथे काय पणाला लागलं होतं ते मला माहीत होतं. लालासाबनं शब्द पाळला नाही असं एकही माणूस सांगू शकत नव्हता. दुष्काळात, दंगलीच्या दिवसांत, बापाच्या मयतीच्या आठवड्यातसुद्धा चाळ वेळेवर गेले होते. मी बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर एकेक रंग येत होता. त्यानं ओवणं खाली ठेवलं, उठला, भाभींच्या हातातून झोळी घेतली. मला वाटलं, हरला. आता टोक हातात घेऊन समोर बसणार.

त्यानं झोळीची घडी घातली, फरशीवर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"उठा की."

"न्हाय."

"लहान पोर हाय का तुमी?"

"हाय."

भाभींनी ओढून बघितली, डाव्या हातानं. निघेना. मला म्हणाल्या, "तात्या, ह्यास्नी सांगा." मी आयुष्यात प्रथमच कुणाच्या प्रसंगात तोंड घातलं नाही. लालासाब तिथेच बसून ओवत राहिला. तिथेच चहा प्यायला. दुपारी ताट तिथेच घेतलं, पण दोन घासांनंतर सारलं. ड्रममधला माल बदलायचा होता तर मला उठवलं, स्वतः उठला नाही. नमाजापुरता उठला, तेव्हा झोळी काखेत घेऊन गेला. बनाबाई दोनदा डोकावली. "अंडी उबवताय काय लालाभाई?"

"व्हय. घाई हाय का तुमाला?"

विनोद होता, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. दिवसभर तो स्वतःवर जळत होता. आठ दिवस दुकानं, एक दिवस अक्कल, तीन दिवस दाभण. मधूनच म्हणे, "पहिल्याच दिवशी हिला विचारलं असतं तर बाराच्या बारा झालं असतं तात्या." मीही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी अवनी स्कूटरवरून आली. दाराशीच म्हणाली, "चाचा, झाले ना बारा?"

"नऊ," लालासाब बसल्या जागेवरून म्हणाला.

"नऊ? चाचा, बारा मुली आहेत माझ्या! उद्या सकाळी कार्यक्रम आहे. आधी सांगायचं तरी!"

"माझी चूक हाय. तीन जोड परवा मिळतील."

"परवा काय करू त्यांचं? तुम्ही कधी चुकत नाही असं सगळे सांगतात, म्हणून मी दुसरीकडे गेले नाही." पोरगी रागानं लाल झाली होती आणि तिचं काही चुकत नव्हतं.

भाभी मध्ये पडल्या. "पोरी, मी करून देती. तू घटकाभर थांब."

"ती काही करनार न्हाय," लालासाब म्हणाला. "तिचा हात गेलाय. मला तुला देता येत न्हाईत, अवनी. नऊच हायत."

अवनीनं भाभींच्या खांद्याकडे बघितलं. केस सावरायला वर नेलेला तो हात छातीपाशीच अडकला होता. मग एक चाळ उचलून तिनं हातावर आपटला आणि ऐकला. दुसरा ऐकला.

"तिघी जुनेच बांधतील," ती तुटकपणे म्हणाली. "मागच्या ओळीत उभ्या करते." राग गेला नव्हता. नऊ जोड पिशवीत भरताना तिनं विचारलं, "चाची, त्या हाडांच्या दवाखान्यातच जाता ना?"

"जात न्हाय अजून. आज जानार हुते... उद्या बघू."

"माझ्या वाटेवरच आहे तो. चला, बसा मागं. आठला बंद होतो."

भाभींनी लालासाबकडे बघितलं. तो ओवण्याची सुई शोधत होता, सुई त्याच्या दाढीखाली सदऱ्यालाच अडकवलेली होती. त्या आत गेल्या, ओढणी घेऊन आल्या, चपला घातल्या. स्कूटरवर बसताना उजवा हात पुढे करायला गेल्या आणि कळवळल्या. अवनीनं त्यांचा डावा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

"डब्यात पाखडलेलं संपलंय, त्या डबड्यात हाय तेवढंच," भाभी जाता जाता म्हणाल्या. "उद्या सकाळी वारा बघून पाखडा."

स्कूटर गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी लालासाब दाराकडे बघत होता.

"तीन जोड कमी दिलं की हो तात्या," तो म्हणाला. "तीन जोड."

बसून बसून त्याचे पाय आखडले होते. मी हात दिला, तो कण्हत उठला आणि राहिलेल्या तीनशेंतली दीडशे घुंगरं एकेक कानाशी नेऊन, मोजून, उद्यासाठी ड्रममध्ये टाकायला लागला.